दहा हजारांची आठवण : भाव उतरताना आपण कापूस धरून का बसतो?

काळी_माती (राळेगाव, यवतमाळ)

राम राम मंडळी.

भाव का पडला यावर इथे आधीच चार धागे झालेत. मला विचारायचंय ते वेगळं. भाव डोळ्यांदेखत उतरत असताना आपण माल धरून का बसतो? आमच्याच घरचं सांगतो, आकड्यांसकट.

राळेगाव तालुक्यात आमची साडेनऊ एकर कोरडवाहू. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तिच्यात तुरीची तासं, खालच्या वावरात सोयाबीन. हिशोबाची वही माझ्याकडे, विकायचा शब्द बाबांचा.

२०२१-२२ च्या हंगामात आमचा कापूस १०,२०० रुपये क्विंटलने गेला. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ होता, आणि आदल्या वर्षी आम्ही साडेपाच हजाराच्या आसपास विकला होता. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाच आकडी भाव पाहिला. ती काटापट्टी, म्हणजे वजन-भावाची पावती, त्यांनी घडी करून देव्हाऱ्यात, गजानन महाराजांच्या फोटोमागे ठेवली.

पुढच्या हंगामात ३८ क्विंटल कापूस घरात आला. डिसेंबर २०२२ मध्ये खेडा खरेदीवाला दारात येऊन ८,७०० म्हणाला. हमीभाव होता ६,३८०. म्हणजे तेवीसशे वर, रोख, घरून उचल, गाडीभाडं नाही. बाबा खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "दहाच्या आत बोलू नको," एवढंच म्हणाले.

जानेवारीत ८,३००. फेब्रुवारीत आठ हजाराच्या खाली-वर. दर जसा उतरत गेला तसा बाबांचा दहाचा आकडा आणखी पक्का होत गेला. समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली. मार्चात ऊन तापलं तशी त्या कापसातून खाज सुटली. लेकरांच्या हातापायावर पुरळ उठलं, आई रात्र-रात्र खोबरेल लावत बसायची. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करायचं होतं, वेळेत भरलं तर बिनव्याजी. त्यासाठी बाबांनी ओळखीतल्या एकाकडून ९०,००० उचलले, शेकडा ३ रुपये महिना. घरात जवळपास तीन लाखांचा कापूस, आणि बाहेर महिन्याला २,७०० व्याज सुरू.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग तोंडावर आलेला, बियाण्याला पैसे नाहीत, तेव्हा ६,९५० ने दिला. वाळून वाळून ३८ चे साडेछत्तीस क्विंटल भरले. डिसेंबरात ३,३०,६०० आले असते, जूनमध्ये २,५३,६७५ आले. वर तीन महिन्यांचं व्याज ८,१००. सगळं धरून ८५,०२५ रुपयांचा फटका.

बाबांना कोणी अडाणी म्हणू नये, ही विनंती. हा माणूस फवारणीच्या एका बाटलीवर वीस रुपये वाचवायला तीन दुकानं फिरतो. बैलाचे दात पाहून वय सांगतो. दहा वर्षांमागची मजुरी त्यांना तोंडपाठ आहे. मग एवढा मोठा हिशोब कुठे चुकला?

जिनिंगवरून परत येताना ट्रॅक्टरच्या आवाजात ते बोलले होते, ते इथे जसंच्या तसं लिहितो. "डिसेंबरात देल्ला असता अन् मार्चात बारा झाला असता, तं गावात कोन्त्या तोंडानं बसलो असतो मी? सगळ्यासंगं बुडालो तं नशीब म्हनतात. एकटा बुडालो तं अक्कल काढतात."

तेव्हापासून मला वाटतं, आमच्या घरातला भाव फक्त बाजारात ठरला नव्हता. तो पारावरही ठरला होता. तुमच्याकडचे अनुभव सांगा. आणि कोणी अर्थशास्त्र शिकलेलं असेल तर त्यात याला काही नाव आहे का, तेही सांगा.

---

सोयाबीनवाला (मंगरूळपीर, वाशीम)

भाऊ, कापूस काढून सोयाबीन टाका, हेच आमचं घर हाय. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं. तवा विकायले घरात दाना नव्हता. माल निंगाला दसऱ्याले, तवापरेंत भाव पाच हजाराकडं आला. म्या म्हनलं, दोन महिने अगोदर दहा होतं, आता पाचात कसं देऊ? एक वरीस ठेवलं. मंग दुसरं आलं, थेही त्याच्यावरच रचलं. बारदान उंदरानं फाडलं, खालची थप्पी ओलीनं काळी पडली.

बायको रोज म्हने, दहानं आपन कधी इकलंच नाई, मंग आपलं गेलं काय? तिचं बरोबर होतं. जे कधी हातात आलंच नाई त्याचं दुख मी दोन वर्सं केलं.

---

मास्तर_आर्वी (आर्वी, वर्धा)

काळी_माती, याला नाव आहे, आणि ते कोणाच्या अकलेवरचं नाव नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पाठ्यपुस्तकात जो ग्राहक आणि जो उत्पादक असतो तो सगळी माहिती गोळा करून, थंड डोक्याने, जास्तीत जास्त फायद्याचं तेच करतो. असा माणूस मला आर्वीच्या बाजारात अजून भेटलेला नाही. हर्बर्ट सायमन यांनी हेच मांडलं होतं की माणसाची माहिती, वेळ आणि डोकं तिन्ही मर्यादित असतात, म्हणून तो 'सर्वोत्तम' शोधत बसत नाही, 'चालण्याजोगं' सापडलं की थांबतो. त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

तुमच्या बाबांच्या बाबतीत मात्र त्याहून नेमकं उत्तर आहे. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की हे दोन मानसशास्त्रज्ञ. १९७९ साली त्यांचा 'प्रॉस्पेक्ट थिअरी' हा निबंध आला, तुम्ही विचारलेलं नाव तेच. त्यात इस्राएलमधल्या लोकांना विचारलेले प्रश्न आहेत. पहिला असा: हमखास ३,००० मिळतील, किंवा ४,००० मिळण्याची शंभरात ८० शक्यता आणि काहीच न मिळण्याची २०. काय घ्याल? तीन हजार ही तिथे तेव्हा साधारण एका कुटुंबाची महिन्याची कमाई होती, म्हणजे प्रश्न चिल्लरचा नव्हता. ८० टक्के लोकांनी हमखास ३,००० घेतले.

मग तोच प्रश्न उलटा केला. हमखास ३,००० जातील, किंवा ४,००० जाण्याची शंभरात ८० शक्यता आणि काहीच न जाण्याची २०. आता ९२ टक्के लोक जुगाराकडे वळले. आकडे तेच, माणसं तीच. फायद्यात माणूस सांभाळून चालतो, तोट्यात असला की डाव टाकतो.

प्रश्न एवढाच उरतो की माणूस स्वतःला फायद्यात समजतो की तोट्यात. ते खिशातल्या रकमेवर ठरत नाही, तो कुठल्या खुंटीपासून मोजतो त्यावर ठरतं. तुमच्या बाबांची खुंटी देव्हाऱ्यात होती. १०,२०० पासून मोजलं तर ८,७०० म्हणजे क्विंटलमागे दीड हजाराचा तोटा, म्हणून ते डाव खेळले. समजा मधलं ते एक वर्ष आलंच नसतं आणि साडेपाच हजारानंतर थेट ८,७०० चा माणूस दारात उभा राहिला असता, तर याच बाबांनी त्याला चहा पाजून कापूस भरून दिला असता.

त्यांनी दुसरीही गोष्ट दाखवली. शंभर रुपये हरवल्याचं दुःख हे शंभर सापडल्याच्या आनंदाहून मोठं असतं, अंदाजे दुप्पट धरतात. कानेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते, आणि गेलेल्या माणसाला ते देत नाहीत. मला याची हळहळ वाटते, कारण विचार दोघांचा होता.

एक सांगायला हवं. माल धरणं हे दर वेळी चूकच असतं असं नाही. २०२१-२२ मध्ये ज्यांनी धरला त्यांनी कमावलं. अडचण ही की एका वर्षाचा अनुभव मनात नियम होऊन बसतो.

---

पांदण (घाटंजी, यवतमाळ)

माफ करा, पन मले हे वाचून राग आला. शेतकऱ्याचं मन, शेतकऱ्याची भीती, शेतकऱ्याची खुंटी. सारं आमच्याच डोक्यात हाय काय? एप्रिल २०२२ मंधी कापसावरची ११ टक्के आयात ड्यूटी काढली, थे ऑक्टोबरपरेंत काढूनच ठेवली. २०२५ मंधी पुन्हा तेच, १९ ऑगस्टपासून डिसेंबरपरेंत. ऐन आपला माल याच्या वक्ताले. काळी_मातीच्या बापानं ठरवलं काय थे?

पानी वरच्याच्या हातात. कर्जाची तारीख बँकेच्या हातात. भाव अडत्याच्या हातात. ठेवायले गोदाम नाई, म्हून कापूस लेकराच्या उशाशी. असा मानूस जे करन थे घाबरूनच करन. पयले कारन पाहा, मंग मन पाहा. नाई तं उद्या कोनी म्हनन, याइच्या डोक्यातच बिघाड हाय, पैसे कायले द्याचे.

---

मास्तर_आर्वी

पांदणभाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. असा वापर होऊ शकतो, आणि झाला तर त्याला विरोध केलाच पाहिजे.

पण एक अभ्यास सांगतो, तो तुमच्याच बाजूचा आहे. तमिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, म्हणजे तोडणीआधी हात आखडलेला आणि तोडणीनंतर मोकळा. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी तीच बुद्धीची कोडी घातली. तोडणीआधी, तंगीत, तोच माणूस कमी गुण मिळवतो. पैसे आल्यावर तोच माणूस जास्त मिळवतो. हे २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं.

म्हणजे बिघाड डोक्यात नव्हता. तंगीच डोक्यातली जागा खात होती. किराणा कुठून, फी कधी, सोसायटीला काय सांगू, हे सगळं एकाच वेळी चालू असतं, आणि उरलेल्या जागेत कापूस कधी विकायचा हे ठरवावं लागतं. तुम्ही 'पहिले कारण' म्हणता ते खरंच आहे. फक्त ते कारण मनात शिरूनच काम करतं.

---

निंबाची_सावली (दर्यापूर, अमरावती)

सगळे कापसावर बोलताय, मी तेरवीवर बोलते. घर बुडवायला एक तेरवीसुद्धा पुरते.

माझे सासरे २०१९ मध्ये गेले. पाचव्या दिवशी ओट्यावर भाऊबंद बसले होते. मी आतून चहा घेऊन आले तेव्हा वाक्य ऐकलं, "त्याइच्याकडं बुंदी होती, अन् दोन भाज्या." 'त्याइच्याकडं' म्हणजे चुलत सासऱ्यांकडे, त्यांची सहा एकर ओलिताची. आमची चार, कोरडवाहू. कोणी आमच्या यजमानांना 'खर्च करा' म्हटलं नाही. कोणी आग्रहसुद्धा केला नाही. फक्त ते एक वाक्य झालं आणि सगळे गप्प राहून चहा प्यायले. संध्याकाळपर्यंत आचारी ठरला, नऊशे पानं ठरली, आणि १,२०,००० चं कर्ज ठरलं. मास्तर म्हणतात ती खुंटी, आमची चुलत सासऱ्यांच्या पंगतीत ठोकलेली होती.

आमच्या शेजारच्याच अंजनगाव तालुक्याच्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले. ऋण काढून सण करू नका, हे सांगत त्यांनी उभं आयुष्य काढलं. त्यांची पुण्यतिथी आम्ही करतो, आणि तेरवी कर्जाने करतो. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय.

पण मी हेही अनुभवलंय, म्हणून लिहिते. ज्या वर्षी आमचा एक बैल विजेच्या तारेने गेला, तेव्हा त्या नऊशेतल्याच एकाने आठ दिवस आपली जोडी दिली, पैसे घेतले नाहीत. यजमानांना नागपूरला भरती केलं तेव्हा रक्त द्यायला गावातून चौघे आले. ही माणसं म्हणजे आमचा विमा आहे, आणि पंगत हा त्याचा हप्ता. हप्ता भरला नाही तर विमा जातो ही भीती खोटी नाही. म्हणून 'लोकांना अक्कल नाही, उगाच खर्च करतात' असं शहरातून कोणी म्हटलं की मला सहन होत नाही.

वाट निघाली ती बचत गटातून. आम्ही अकरा जणी. एकीने एकटीने साधी तेरवी केली असती तर तिच्यावर बोट ठेवलं असतं. म्हणून अकराही घरांनी एकदम ठरवलं: वरण, भात, पोळी, एक भाजी, एक गोड. वहीत लिहिलं, सगळ्यांच्या सह्या. त्यानंतर चार घरी तेरव्या झाल्या. "आमच्या गटाचा नियम हाय" म्हटलं की पुढचं बोलणं होत नाही. कोणाच्या ऐपतीवर येत नाही, नियमावर येतं.

भिशीचंही तसंच. बारा जणी, महिना हजार. बँकेत ठेवले तर व्याज मिळतं, भिशीत काहीच नाही, मग भिशी का? कारण बँकेतले पैसे घरात कोणी मागितले तर काढावे लागतात. भिशीतले मागता येत नाहीत. "माझा नंबर भाद्रपदात हाय," एवढं उत्तर पुरतं.

---

मास्तर_आर्वी

ताई, तुमच्या भिशीवर थोडं. फिलिपिन्समध्ये एका बँकेने आपल्या ग्राहकांना असं खातं देऊ केलं की ठरलेली तारीख किंवा ठरलेली रक्कम येईपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत. व्याज नेहमीच्या खात्याएवढंच. पाठ्यपुस्तकातला माणूस असं खातं घेणार नाही. पण ज्यांना विचारलं त्यांतल्या २८ टक्क्यांनी घेतलं. हा निबंध २००६ चा. आपल्याच हाताला आपणच कुलूप लावायचं, हे शहाणपण भिशीत पहिल्यापासून आहे.

---

काउंटरमागून (हिंगणघाट, वर्धा)

माझं कृषी केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. विकणाऱ्याच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

मे महिन्याच्या शेवटी माणूस काउंटरवर येतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, "आमच्या गावात कोन्तं जाऊन रायलं?" जमीन हलकी की भारी, ओलीत आहे की नाही, हे मी विचारतो तेव्हा. त्याने विचारलेलं नसतं. गावातल्या एखाद्या मोठ्या शेतकऱ्याने जे वाण नेलं तेच पन्नास जण मागतात, मग त्याची टंचाई होते, आणि टंचाई झाली की आणखी शंभर जण मागतात. बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट सरकारी दराने २०२४ ला ८६४ आणि २०२५ ला ९०१ रुपयांचं, कंपनी कोणतीही असो. तरी एका वाणासाठी लोक पहाटेपासून रांगेत उभे राहतात आणि शेजारच्या थप्पीवरचं तशाच गुणांचं पाकीट कोणी हातात घेत नाही.

यात मी लोकांना पूर्ण चूक म्हणणार नाही. कोरडवाहूत वर्षातून एकदाच पेरता येतं. स्वतः प्रयोग करून फसलं तर वर्ष गेलं. शेजाऱ्याचं वावर डोळ्यांनी पाहिलेलं असतं, कंपनीचं पत्रक नाही. पण त्या शेजाऱ्याकडे विहीर आहे आणि आपल्याकडे नाही, एवढं तरी पाहावं.

उधारीचं सांगतो. रोखीचा आणि उधारीचा भाव माझ्याकडे वेगळा आहे, मी तो लपवत नाही. तूर विकून फेब्रुवारीत पैसा हातात असतो तेव्हा खताचा विषय कोणी काढत नाही. जूनमध्ये हात रिकामा, तेव्हा तेच खत उधारीने जास्त भावात जातं. मास्तर, याचंही काही आहे का तुमच्याकडे?

---

मास्तर_आर्वी

आहे, आणि तो मला सगळ्यांत कामाचा वाटतो. पश्चिम केनियात मक्याचे शेतकरी. पीक आल्यावर लगेच, पैसा हातात असताना, त्यांना सांगितलं की आत्ता खताचे पैसे भरा, खत आम्ही घरपोच देऊ, वाहतूक फुकट. मुदत थोड्या दिवसांची. एवढ्याने खत वापरणाऱ्यांची संख्या जितकी वाढली, तितकी वाढायला ऐन हंगामात निम्म्या किमतीची सूट द्यावी लागली असती. एस्थर दुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांचा हा अभ्यास. पहिल्या दोघांना २०१९ चं नोबेल अभिजित बॅनर्जींसोबत मिळालं. निर्णय पैसा असताना घेतला की तंगीत घेतला, यावरच सगळं फिरलं.

---

काउंटरमागून

मग मी येत्या फेब्रुवारीत करून पाहतो. तूर विकली की पैसे जमा करा, जूनमध्ये त्याच भावात खत घरपोच. पावती आधीच देईन. किती जण येतात ते इथे लिहीन.

---

नवं_पोट्टं (बाभूळगाव, यवतमाळ)

भाव डोक्यात कसा बसतो त्याचं एक मोबाईलवरचं उदाहरण. बाजार समितीच्या पत्रकात तीन आकडे असतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. ग्रुपवर फिरतो फक्त कमाल. तोही शंभर कोसांवरच्या बाजाराचा, एखाद्या ढिगाला मिळालेला. मी महिनाभर आमच्या ग्रुपवरचे मेसेज वहीत उतरवले. एकदाही सर्वसाधारण दर कोणी टाकला नव्हता. मग आपल्या दारात सर्वसाधारण भाव सांगणारा व्यापारी आपल्याला चोरच वाटतो. कधी तो असतोही, पण दर वेळी नाही.

आता मी रोज संध्याकाळी तिन्ही आकडे टाकतो. पहिल्या आठवड्यात दोघांनी ग्रुप सोडला. म्हणाले, तू नाट लावतो.

---

सोसायटीचा_सभासद (कळंब, यवतमाळ)

एक दुखणं राहिलं. कर्जमाफी झाली तेव्हा, २००८ ला, २०१७ ला, २०१९ ला, दर वेळी मी कर्ज वेळेत भरलेलं होतं. २०१७ ला दीड लाखापर्यंत माफ झालं, २०१९ ला दोन लाखापर्यंत. नियमित भरणाऱ्याला नंतर ५०,००० पर्यंत प्रोत्साहन आलं, मिळालंही. पण त्या काळात पारावर मला लोक 'भोळा' म्हणायचे ते विसरता येत नाही. ज्यांचं माफ झालं त्यांना खरंच गरज होती, माझी त्याला ना नाही. तरी आता मार्च आला की पैसे हातात असूनही पाय सोसायटीकडे वळत नाही. व्याजाचा हिशोब मला कळतो. अडतं ते दुसरीकडेच.

---

काळी_माती

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे बाबांना रात्री वाचून दाखवले. पांदणभाऊंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

२०२३ पासून आम्ही काय करतो ते लिहितो. माल तीन भागांत विकायचा. एक दिवाळीनंतर लगेच, एक संक्रांतीच्या आसपास, एक महाशिवरात्रीपर्यंत. तारखा पेरणी झाली की ठरवायच्या, म्हणजे जुलैत, तेव्हा डोळ्यासमोर भाव नसतो. त्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिल्या. पहिल्या भागातून सोसायटी, किराणा आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्याचे पैसे बाजूला. तिसऱ्या भागावर बाबांनी हवा तो डाव खेळावा, मी बोलत नाही.

बाबा एकट्याने तयार नव्हते. अडचण तीच, पारावरची. म्हणून मी बाजूच्या तीन घरांशी बोललो, आणि चार घरांनी एकाच दिवशी पहिला भाग काढला. निंबाची_सावली ताईंनी तेरवीचं लिहिलंय ते वाचून कळलं की आमचंही तेच होतं, फक्त आम्हाला तेव्हा समजलं नव्हतं.

फायदाच झाला असं नाही. २०२३-२४ ला पहिला भाग ६,९०० ने गेला आणि तिसरा, मार्चच्या तोंडावर, ७,६०० ने. बाबा चार दिवस बोलले नाहीत. "सगळाच ठेवला असता तं?" मी म्हटलं, २०२२ लाही हेच म्हणत होतो. पण त्या वर्षी व्याजाने एक रुपया काढला नाही आणि कापूस लेकरांच्या खोलीत गेला नाही. अंगणात पत्र्याखाली मावला.

काटापट्टी अजून देव्हाऱ्यात आहे. यंदा दिवाळीत आईने फोटो पुसायला काढले तेव्हा ती खाली पडली. बाबांनी उचलून परत ठेवली, आणि मला वहीतून जून २०२३ ची पट्टी काढायला सांगितली. तीही तिथेच ठेवलीय आता.

---

पांदण

हे तुमचं तीन वाट्याचं पटलं. बापाले माझा रामराम सांगजा.

एक कामाचं सांगतो. तूर, सोयाबीन, हरभरा असन तं बाजार समितीत शेतमाल तारण योजना असते. माल त्याइच्या गोदामात ठेवाचा, किमतीच्या ७५ टक्क्यापरेंत पैसे उचलाचे, ६ टक्के सालाचं व्याज, सहा महिन्याची मुदत. शेकडा ३ महिना म्हनजे सालाचे ३६ होतात, थे पाहा. आपल्या समितीत चालू हाय का नाई, थे अगोदर जाऊन इचारा. मी गेल्या साली तूर ठेवली होती. भाव वाढो ना वाढो, बियाण्यासाठी कोनाच्या दारात गेलो नाई.

---

सोयाबीनवाला

ताई, एक इचारतो. तुमच्या गटाचा नियम तेरवीपुरताच हाय का लग्नाचाही केला? माह्या पोरीचं साक्षगंध माघात हाय. पावने म्हनतात साधं करा, पन माह्याच घरचे ऐकत नाई. डीजे अन् मांडवाचा आकडाच दीड लाखावर गेला.

---

निंबाची_सावली

दादा, लग्नाचा प्रयत्न केला, जमला नाही. अकरातल्या सात जणी तयार होत्या, चौघी नाही. त्या चौघींच्या घरी पोरी आहेत, आणि त्यांना भीती ही की समोरचे म्हणतील, पोरीचं काही करायची ऐपत नाही. आम्ही जोर केला नाही.

साक्षगंधाचं मात्र ठरलं: दोन्हीकडची मिळून पंचाहत्तर माणसं, घरच्या अंगणात, डीजे नाही. तुमचे पाहुणे स्वतःहून साधं म्हणताहेत तर त्यांनाच एकदा घरी बोलवा आणि घरच्यांसमोर त्यांच्या तोंडून हे बोलणं होऊ द्या. आमच्या दोघींकडे असंच झालं. मुलाच्या आईने म्हटल्यावर मग आमच्या घरची माणसं ऐकली. तारीख ठरली की कळवा, आमच्या गटातल्या बाया पापड-शेवया करून देतात.